शेडमधील पारव्यांसाठी छर्‍याची बंदूक : जोर, छर्रा आणि खरा उपाय

(शेतकरी प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात संगमनेर, राहाता, पारनेर, नगर या तालुक्यांतून फिरताना दुधाचे गोठे, कोंबड्यांच्या शेड आणि मका-सोयाबीनची गोदामे जागोजाग दिसतात. शेतीला जोडधंद्याची साथ मिळाली, तशी पारवे, चिमण्या, कावळे आणि साळुंक्या यांनाही बारमाही दाणा आणि पक्के छप्पर मिळाले. त्यामुळे प्रशिक्षण वर्गात एक प्रश्न हमखास विचारला जातो. "सर, कैचीवर पारवे बसतात, खाद्यात घाण करतात. छर्‍याची बंदूक घ्यायची आहे. किती जोराची घ्यावी आणि छर्रा कोणता वापरावा?"

प्रश्न रास्त आहे, कारण नुकसान खरे आहे. म्हणून आज आपण आधी नुकसानीचा हिशेब करू, मग बंदुकीचा जोर आणि छर्रा समजावून घेऊ, त्यानंतर कायदा पाहू आणि शेवटी ज्यातून पक्षी खरोखर कमी होतात त्या उपायांकडे वळू.

नुकसानीचा हिशेब

एक पारवा दिवसाला साधारण ३० ग्रॅम दाणा खातो. तुमच्या शेडमध्ये ६० पारवे असतील, तर रोजचे १ किलो ८०० ग्रॅम आणि महिन्याचे ५४ किलो खाद्य त्यांच्या पोटात जाते. वर्षाचा आकडा साडेसहा क्विंटलच्या पुढे जातो. तुमच्या खाद्याचा जो भाव असेल त्याने हा आकडा गुणून पाहा.

खाण्यापेक्षा घाणीचे नुकसान मोठे असते. एक पारवा वर्षाला सुमारे १२ किलो विष्ठा टाकतो. ती गव्हाणीत, पाण्याच्या भांड्यात आणि पोत्यांवर पडते. तिच्यातून साल्मोनेला जातीचे जिवाणू खाद्यात येतात. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोगाच्या गटातील विषाणू पारव्यांमध्येही आढळतो. चिमण्यांच्या घरट्यांतून उवा आणि लाल कोळी कोंबड्यांवर उतरतात. वाळलेल्या विष्ठेची धूळ नाकातोंडात गेल्याने माणसालाही फुप्फुसाचे आजार होतात.

बर्ड फ्लूचा अनुभव आपल्या राज्याला नवा नाही. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्या दगावल्या. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे कावळे या रोगाने मेले. म्हणून पक्षी शेडबाहेर राहिले पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. ते बाहेर कसे ठेवायचे एवढाच प्रश्न आहे.

बंदुकीचा जोर कसा मोजतात

जत्रेत फुगे फोडण्याची बंदूक आपण सर्वांनी हाताळलेली असते. नळी मोडून स्प्रिंग दाबायची, छर्रा घालायचा आणि चाप ओढायचा. स्प्रिंग सुटताच दट्ट्या पुढे जातो, हवा दाबली जाते आणि तीच हवा छर्‍याला ढकलते. काही बंदुकांत आधीच दाबून भरलेली हवा असते.

जोर ज्यूल या एककात मोजतात आणि तो दोन गोष्टींवर ठरतो : छर्‍याचे वजन आणि त्याचा वेग. वजन दुप्पट झाले तर जोर दुप्पट होतो, पण वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. ४.५ मि.मी. व्यासाचा नेहमीचा छर्रा सुमारे ०.५२ ग्रॅमचा, म्हणजे ८ ग्रेनचा असतो. त्याचा हिशेब असा :

- वेग सेकंदाला १५० मीटर असल्यास जोर सुमारे ६ ज्यूल
- वेग सेकंदाला २०० मीटर असल्यास जोर सुमारे १० ज्यूल
- वेग सेकंदाला २५० मीटर असल्यास जोर सुमारे १६ ज्यूल
- वेग सेकंदाला ३०० मीटर असल्यास जोर सुमारे २३ ज्यूल

दहा मीटरच्या नेमबाजी स्पर्धेतील एअर रायफलचा जोर साधारण ७ ते ८ ज्यूल असतो. खोक्यावर "सेकंदाला हजार फूट" असे छापलेले दिसले तरी त्यावर भुलू नये. असा वेग बहुधा अतिशय हलका छर्रा वापरून मोजलेला असतो. वेग, छर्‍याचे वजन आणि ज्यूल हे तिन्ही आकडे एकत्र पाहिल्याशिवाय जोर कळत नाही.

छर्‍याचे प्रकार

छर्रा डमरूसारखा, मध्ये बारीक असतो. बहुतेक छर्रे शिशाचे असतात. तोंडाच्या आकारावरून त्यांचे चार प्रकार पडतात.

१. सपाट तोंडाचा : कागदी लक्ष्यावर स्वच्छ गोल भोक पाडतो. जवळच्या अंतरासाठी असतो, लांब गेल्यावर भरकटतो.
२. गोल तोंडाचा : हवेत सरळ जातो आणि जोर टिकवून धरतो.
३. टोकदार : आरपार जाण्याकडे त्याचा कल असतो.
४. पोकळ तोंडाचा : आदळल्यावर पसरतो.

याशिवाय पोलादी गोळ्या मिळतात. त्या कठीण वस्तूवर आपटून उलट्या फिरतात.

आता हे ज्ञान आपल्या शेडला लावून पाहा. पारवा बसतो कैचीवर किंवा पत्र्याखालच्या लोखंडावर. म्हणजे प्रत्येक नेम वरच्या दिशेने धरावा लागतो आणि पक्ष्याच्या मागे छप्पर असते. जोर जास्त घेतला आणि नेम चुकला, तर जुना गंजका पत्रा भोकसतो, सिमेंटचा पत्रा तडकतो आणि पावसाळ्यात त्याच जागी गळती लागते. जोर कमी घेतला, तर छर्रा लोखंडावर आपटून खाली फिरतो, पक्षी जखमी होऊन उडतो आणि शेततळ्यात, पाण्याच्या टाकीत किंवा पत्र्यावर जाऊन मरतो. जास्त जोराने छप्पर जाते आणि कमी जोराने काम होत नाही. या दोहोंच्या मधला सोयीचा आकडा आपल्या शेडमध्ये सापडत नाही.

माणसाच्या दृष्टीनेही हा हिशेब ध्यानात ठेवा. सेकंदाला १०० मीटरच्या आसपास वेग असलेला छर्रा कातडी भेदून आत जातो. डोळ्याला इजा होण्यास याहून कमी वेग पुरतो. गोठ्यात दूध काढणारी घरची माणसे असतात, खेळणारी मुले असतात. उलट फिरलेला छर्रा कोणाकडे जाईल हे चाप ओढणार्‍याच्या हातात नसते.

शिशाचा धोका

शिसे हे विष आहे. चुकलेला प्रत्येक छर्रा शेडमध्येच कुठेतरी पडतो. कोंबडी दाणे दळण्यासाठी बारीक खडे गिळते. शिशाचा चपटा तुकडा तिला खड्यासारखाच दिसतो. तो पेषणीत झिजत राहतो, शिसे रक्तात उतरते आणि तिथून अंड्यात येते. गव्हाणीत किंवा मुरघासात पडलेला तुकडा गाईच्या पोटात जाऊ शकतो. जनावरांना शिशाची विषबाधा झाली की आंधळेपणा, झटके आणि मृत्यू अशी लक्षणे दिसतात. तुसात पडलेले छर्रे कोंबडी खताबरोबर शेतात जातात. छर्रे हाताळल्यावर तंबाखू मळणे किंवा जेवायला बसणे हेही टाळावे.

शेडमध्ये पक्ष्यांच्या मागे बंदूक घेऊन धावल्याने कोंबड्या बिथरतात. ब्रॉयलर पक्षी कोपर्‍यात एकावर एक चढतात आणि गुदमरतात. अंड्यावरच्या कोंबड्यांचे उत्पादन घटते. वाचवलेल्या खाद्यापेक्षा हे नुकसान अनेक पटींनी जड पडते.

कायदा काय सांगतो

येथे दोन वेगळे कायदे आहेत आणि पुष्कळांची गफलत इथेच होते.

पहिला कायदा बंदुकीचा. शस्त्र नियम २०१६ नुसार ज्या हवेच्या बंदुकीचा जोर २० ज्यूलपेक्षा अधिक आहे किंवा नळीचा व्यास ४.५ मि.मी.पेक्षा अधिक आहे, तिला परवाना लागतो. म्हणजे ५.५ मि.मी.ची बंदूक विनापरवाना बाळगता येत नाही, मग तिचा जोर कमी का असेना. मर्यादेतील बंदुकीची स्प्रिंग बदलून तिचा जोर वाढवून घेणे म्हणजे स्वतःहून गुन्ह्यात अडकणे होय. खरेदीची पावती आणि ज्यूलचा आकडा असलेला कागद जपून ठेवावा.

दुसरा कायदा पक्ष्यांचा. बंदुकीला परवाना लागत नाही याचा अर्थ पक्षी मारायला परवानगी आहे असा होत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार अनुसूचीतील पक्षी मारणे ही शिकार ठरते. त्यांची अंडी फोडणे किंवा घरट्याला धक्का लावणे हेही शिकारीच्या व्याख्येत येते. मोर पहिल्या अनुसूचीत आहे. पोपट, साळुंकी आणि घुबड यांनाही संरक्षण आहे. पूर्वी कावळ्याचे नाव पाचव्या अनुसूचीत उपद्रवी प्राण्यांमध्ये होते, त्यामुळे "कावळा चालतो" असा समज अजून टिकून आहे. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्या नव्याने लिहिल्या गेल्या आणि उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूची राहिली नाही. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. म्हणून जुन्या पुस्तकावर किंवा ऐकीव माहितीवर विसंबून कोणत्याही पक्ष्यावर, पारव्यावरसुद्धा, नेम धरू नये. आपल्या भागातील वन परिक्षेत्र अधिकार्‍यांना अर्ज द्यावा आणि उत्तर लेखी घ्यावे. रानडुकराने पीक उद्ध्वस्त केले तरी परवानगी वन खात्याकडूनच घ्यावी लागते, हे आपल्याला ठाऊक आहे.

याखेरीज प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्यात माणूस सोडून प्रत्येक सजीवाचा समावेश होतो. दाण्याला विष लावणे आणि चिकट फळ्या लावून पक्षी तडफडत ठेवणे हे याच कारणाने वर्ज्य समजावे. विषारी दाण्याने तुमच्याच कोंबड्या दगावण्याची भीती वेगळीच.

काही तरुण मित्र मोबाइलवर परदेशातील चित्रफिती दाखवतात. इंग्लंडमध्ये शेतकरी गोठ्यातील पारवे एअरगनने मारताना त्यात दिसतात. तेथेही हे काम सरकारी परवान्याच्या अटींखाली चालते आणि इतर मार्ग आधी वापरून पाहण्याची अट त्यात असते. तिथले चित्र पाहून इथे बंदूक चालवता येत नाही. आपल्याच देशात अरुणाचल प्रदेशात २०२१ साली लोकांनी आपल्या एअरगन स्वेच्छेने जमा करण्याची मोहीम सुरू झाली, हेही लक्षात घ्यावे.

मारून पक्षी कमी का होत नाहीत

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी शेतीच्या हिशेबाने हा उपाय टिकत नाही. पारव्याची जोडी एका वेळी दोन अंडी घालते, १७ ते १९ दिवसांत पिले बाहेर येतात आणि चार-पाच आठवड्यांत उडू लागतात. खाद्य भरपूर असेल तर हा क्रम वर्षभर चालू राहतो. दहा पारवे मारले की दहा जागा रिकाम्या होतात आणि शेजारच्या वस्तीवरचे दहा येऊन बसतात.

याचा मोठा दाखला स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराचा आहे. १९६१ ते १९८५ या काळात तेथे सुमारे एक लाख पारवे मारले गेले, तरी त्यांची संख्या होती तेवढीच राहिली. १९८८ पासून लोकांना समजावून पारव्यांना खाऊ घालणे कमी केले, तेव्हा सुमारे चार वर्षांत संख्या जवळपास निम्म्यावर आली. मुंबईतील कबुतरखान्यांवरून २०२५ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेलेला वादही मुळात दाणा टाकण्याचाच होता. पक्ष्यांची संख्या बंदुकीने ठरत नाही. ती सांडलेल्या दाण्याने आणि बसायच्या जागेने ठरते. या दोन्ही गोष्टी आपल्या हातात आहेत.

खरा उपाय : दाणा तोडा, जागा बंद करा

१. आधी मोजणी करा. सलग तीन दिवस सूर्यास्तानंतर शेडमध्ये बसलेले पक्षी जातवार मोजा. ते कुठून येतात, कुठे बसतात आणि काय खातात याची वहीत नोंद करा. उपायानंतर महिन्याने पुन्हा मोजणी करा, म्हणजे उपाय लागू पडला की नाही ते कळेल.

२. सांडलेला दाणा रोज उचला. खाद्याची पोती झाकणाच्या पिंपात किंवा कोठीत ठेवा. सरकी पेंड आणि भरडा धारेच्या वेळीच द्या आणि जनावरांचे खाणे झाल्यावर गव्हाण झाडून घ्या. मुरघासाचे उघडे तोंड रोज झाका. पोल्ट्रीत खाद्याची भांडी काठोकाठ भरू नका. गळक्या नळाखालचे डबके बंद करा.

३. जाळी योग्य मापाची घ्या. पारव्यासाठी ५० मि.मी. घराची जाळी पुरते. चिमणी मात्र एक इंची घरातून आत शिरते. म्हणून कोंबड्यांच्या शेडला पाऊण इंची, म्हणजे १९ मि.मी. घराचीच जाळी असावी. बर्‍याच शेडमध्ये खर्च करूनही चिमण्या येतात त्याचे कारण हे एक इंची घर असते.

४. फटी बुजवा. नालीदार पत्रा भिंतीवर टेकतो तिथे प्रत्येक नालीखाली फट राहते. आढ्याजवळची मोकळी जागा, झरोके आणि पाइपाभोवतीची भोके बघा. पत्र्याच्या फटींना बारीक जाळी किंवा सिमेंट वापरा. हवा खेळण्याची जागा बंद करू नका, तिला जाळी लावा. गोदामाच्या दाराला प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा लावला की ये-जा चालू राहते आणि पक्षी अडतो.

५. उघड्या गोठ्यात कैचीखाली जाळी ताणा. गोठ्याच्या चारही बाजू बंद करणे परवडत नाही आणि जनावरांना ते मानवतही नाही. अशा वेळी कैचीच्या खालच्या अंगाला तार ओढून तिच्यावर नायलॉनची ५० मि.मी.ची जाळी घट्ट ताणावी. वरची बसायची जागाच नाहीशी होते. जाळी सैल राहिली तर पक्षी तीत अडकून मरतात, म्हणून ताण महत्त्वाचा. भिंतीतील कोनाडे आणि सपाट कट्टे यांवर ४५ अंशांच्या उताराची फळी किंवा पत्रा बसवावा. उतारावर पारव्याला बसता येत नाही.

६. वेळ पाहून काम करा. जाळी बंद करण्यापूर्वी आत पक्षी, अंडी किंवा पिले नाहीत याची खात्री करा. पिले असतील तर ती उडेपर्यंत थांबा. चिमणीला यासाठी साधारण एक महिना आणि पारव्याला सुमारे दीड ते दोन महिने लागतात. आत कोंडलेली पिले मरून कुजली तर नवेच दुखणे उभे राहते.

७. विष्ठा कोरडी झाडू नका. आधी पाणी शिंपडून ती ओली करा, नाकातोंडाला फडके किंवा मास्क बांधा, हातमोजे घाला आणि मगच खरवडा. गोळा झालेली विष्ठा शेडपासून दूर खड्ड्यात पुरा.

फसव्या उपायांबद्दल दोन शब्द

कानाला ऐकू न येणारा आवाज काढून पक्षी पळवण्याची यंत्रे विकली जातात. माणसाला जो उंच आवाज ऐकू येत नाही तो पक्ष्यांनाही ऐकू येत नाही, त्यामुळे ती घेऊ नयेत. चकाकत्या तबकड्या, प्लॅस्टिकचे घुबड आणि बुजगावणे यांना शेडमधील पक्षी काही दिवसांत सरावतात. उघड्या शिवारात मात्र चंदेरी-लाल फितीचा आणि गोफणीच्या आवाजाचा उपयोग आहे. जामखेड, कर्जत, पाथर्डीकडे रब्बी ज्वारी हुरड्यात आल्यावर राखण थोडेच दिवस करायची असते, म्हणून तिथे हा उपाय पुरतो. शेडमध्ये राखण बारा महिने करावी लागते, हा फरक समजून घ्यावा.

मित्रपक्षी ओळखा

रात्री गोदामाच्या आढ्यावर बसणारे पांढर्‍या तोंडाचे घुबड म्हणजे गव्हाणी घुबड. याच्या नावातच आपली गव्हाण आहे. ते उंदीर खाऊन जगते आणि धान्याचे त्याच्याइतके चोख राखण दुसरे कोणी करत नाही. त्याला हुसकावू नका. चिमणी दाणा खाते हे खरे, पण पिलांना ती अळ्या आणि किडे भरवते. साळुंकी नांगरामागून हुमणीच्या अळ्या वेचते. हे पक्षी शेडमध्ये नकोत, पण शिवारात हवेत. जाळी हे दोन्ही साधते, छर्रा साधत नाही.

घरात बंदूक आधीच असेल तर

ती मोकळी करून कुलपात ठेवा आणि छर्रे वेगळ्या जागी ठेवा. मुलांच्या हाती एकट्याने देऊ नका. रिकामी आहे असे वाटले तरी नळी माणसाकडे किंवा जनावराकडे धरू नका. सराव करायचा असेल तर कागदी लक्ष्य लावा आणि मागे मातीचा उंच ढीग ठेवा. गोठा, शेड आणि गोदाम यांत ती चालवू नका.

कावळे किंवा पारवे एकाएकी मेलेले आढळले तर त्यांना उघड्या हाताने शिवू नका, कुत्र्या-मांजरांना खाऊ देऊ नका आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा. आसपास कोणी पक्षी मारून टाकत असेल, तर रोगाने मेलेला कोणता आणि छर्‍याने मेलेला कोणता हे ओळखणे अवघड होते आणि रोगाची पहिली खूण हातची जाते. पोल्ट्रीवाल्यांच्या दृष्टीने हा धोका सर्वांत मोठा आहे.

शेडचा आराखडा आणि जाळीचे माप याबाबत शंका असल्यास राहुरी येथील महात्मा फुले कृषि विद्यापीठ किंवा बाभळेश्वर आणि दहिगाव-ने येथील कृषि विज्ञान केंद्रे यांच्याशी संपर्क साधावा. नवीन शेड बांधणार्‍यांनी जाळीचा खर्च पायाच्या अंदाजपत्रकातच धरावा. पत्रे चढल्यानंतर तेच काम दुप्पट त्रासाचे होते.

आज घरी गेल्यावर एवढेच करा. दिवेलागणीनंतर बॅटरी घेऊन शेडमध्ये जा, पक्षी मोजा आणि वहीत आकडा लिहा. उद्या सकाळी सांडलेला दाणा एका घमेल्यात गोळा करून त्याचे वजन करा. बंदुकीच्या किमतीत किती मीटर जाळी येते, हा हिशेब मग तुम्हीच मांडा.